जोत्याचा खांदा

न्हाई, मी म्हंते, मानसाचा खांदा म्हंजे काय दाराची कडी हाय व्हय वो? काढली, घातली, परत काढली, परत घातली! आन् ज्येला सांगाय जावं त्यो उलटा मलाच हसनार, "शालूबाई, उगं काय जिवाला लावून घेतीस? पैलवानाला काय धाड भरलीया!" धाड! आता उटू नगासा, बसा, च्या ठेवलाय मी. तुमीच इचारलंसा न्हवं, तुमच्या जोतीरामाचा हात असा का म्हनून? मग सगळं ऐकूनच जावा. आर्धं ऐकून गेलासा तर उरल्यालं आर्धं पदरचं घालून गल्लीभर सांगशिला...

तर जोतीराम माझा पाठचा भाऊ. आई गेली तवा माझ्या कडंवर हुता. मी लगीन हून कोल्हापुरात आले, तर मागनं त्यो बी आला, तालमीत घालायचा म्हनून. ही गोष्ट संस्थान इलीन झालं त्येच्या फुडल्या थंडीतली. आमच्या पेठंतली तालीम आण्णा वस्तादांची. वस्ताद म्हंजे देवमानूस, खोटं कशाला बोलू, पर देवाचं बी कवा कवा ध्यान नसतंय की वो! त्या दिवशी सकाळी जोत्याच्या अंगात कसकस हुती. हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, "जोत्या, आज ऱ्हाऊ दे." तर म्हनतोय, "आक्का, घाम निघाला की ताप पळतोय." हे त्येला कुनी शिकिवलं? आमच्या मालकांनी! आमचं मालक म्हंजे... नाव घेत न्हाई मी... जलमात तालमीच्या हौद्यात, त्या मातीत, पाय ठेवला न्हाई, पर तालमीच्या कट्ट्यावर बसून समद्यांला डाव सांगनार. "कंबर आत घाल रं, कंबर!" त्येनीच त्येला सांगिटलं, "जा जा, पैलवानाला काय धाड भरलीया."

गेला. आन् सनाच्या गडबडीत हौदा कुनी उकरलाच नव्हता वो. ती तालमीतली लाल माती कशी पायजे? रोज उकरून, ताक-त्याल पाजून, लोन्यावानी मऊ पायजे. ती झालती दगाड. त्यात ह्या शान्यानं ना जोर मारलं, ना बैठका काढल्या, गार अंगानं लंगोट कसला आन् उतरला, ते बी कुनासंगट, तर आपल्या दीडपट गड्यासंगट! त्येनं उचलून टाकला. आता पडायचं तर अंग गोळा करून लोळत पडावं, हे वस्ताद रोज कानीकपाळी वरडत्यात. पर तापात कुटलं आलंय ध्यानात? ह्येनं पडता पडता हात टेकला. सगळा भार एका तळहातावर... आन् उजवा खांदा आला भाईर.

वस्तादांनी तितंच आडवा निजवला, बगलंत टाच लावली आन् वडला. बसला म्हनं खांदा! पोरं वरडली, "बसला, बसला!" जनू लगनाला नवरदेवच बसलाय पाटावर.

घरी आला त्यो हात पोटाशी धरून. तोंड असं पांढरंफटक. मी इचारलं, "लई दुकतंय का रं?" "न्हाई." त्येला दुकतंय म्हनाय शिकिवलंच न्हाई वो कुनी! दुकलं म्हटलं की पैलवान कसला! भाकरी डाव्या हातानं खायाला लागला तर कोरड्यास सगळं सदऱ्यावर. मी बगितलं तसं भिताडाकडं तोंड केलं.

मग सुरू झालं गावाचं वैदकपन! एक आली, "इटकर तापवून शेक." दुसरी आली, "आंबेहळद आन् रक्त्याबोळ कढत कढत थापा." मालकांनी कुनाचं तरी कसलं तरी त्याल आनलं, वास असा की मांजर बी घर सोडून गेलं, आन् मालक आन् त्येंचा एक कट्ट्यावरचा सोबती, दोगांनी मिळून त्यो सुजल्याला खांदा असा रगडला, असा रगडला, की पिठाचा गोळा बी म्हनंल, बास! सकाळी खांदा टम्म, मडक्यावानी. आन् मालक म्हनत्यात, "सूज आली म्हंजे गुन यायला लागलाय." गुन! मी जोत्याला उटीवला आन् दवाखान्यात नेला.

डाक्टर तरना हुता, पर मानूस बरा. खांदा बगितला, आन् म्हनला, "बाई, हे चोळलं कुणी?" मी म्हटलं, "समद्यांनी." त्यो म्हनला, "हाड जागेवर आहे. पण हाड निसटतं तेव्हा त्याला धरून ठेवणारे बंध फाटतात. ते फाटलेलं शिवून यायला वेळ द्यायचा की नाही? ताज्या दुखापतीला शेक नको, मालिश नको. गार पाण्याची पट्टी ठेवा, हात छातीशी बांधून ठेवा, आणि महिनाभर याला तालमीचं तोंडसुद्धा दाखवू नका. त्यापुढं सुद्धा सावकाश, ताकद येईल तशी." मी म्हटलं, "सायेब, हेच जरा लिवून न्हाई, आमच्या मालकांला वरडून सांगता का?" त्यो हसला. पर जोत्या हसला न्हाई. त्यो म्हनला, "उरुसाची कुस्ती जोडलीया."

ही कुस्ती कागलच्या अलीकडच्या एका गावात. तिथला गडी आकाराम म्हनून, गावाचा लाडका. त्येच्यासंगट जोत्याची कुस्ती ठरल्याली, हलगी वाजवून गावोगाव सांगिटल्याली. मी हात बांधला, दोनचार दिस गेलं, आन् बगते तर पट्टी सोडून ठेवल्याली उशाखाली! "जोत्या!" "आक्का, न्हाई गेलो तर भ्यालो म्हनतील." "म्हनू देत की!" "तुला न्हाई कळायचं." व्हय बाबा, मला न्हाई कळायचं. खांदा तुझा, भाऊ माझा, आन् कळनार तेवढं गावाला!

मग काय करते... मी गेले थेट तालमीत. बाईमानसानं आत जायाचं न्हाई, म्हनून उंबऱ्याभाईर हुबी ऱ्हायले आन् हाक मारली, "आण्णा, जरा भाईर या." आतला दम घुमायचा बंद झाला. एवढी पन्नास गडी, पर असं चिडीचूप, जनू दारात वाघीन आली. वस्ताद आले, टावेल खांद्यावर टाकत. "काय गं पोरी?" मी म्हटलं, "जोत्याची कुस्ती मोडा. डाक्टर म्हनतोय हात बांधून ठेवा." वस्ताद म्हनले, "अगं, डाक्टर कागदावरचा. आमी बी अशीच खेळलो. माझा गुडघा दोनदा फिरला, तरी फड सोडला न्हाई. पैलवानाला काय धाड भरलीया?" मी म्हटलं, "म्हनून आता बसताना भित धरता न्हवं, आण्णा?"

बोलून गेले आन् मीच तोंडावर पदर धरला. आत कुनीतरी खोकलं. वस्तादांनी टावेल ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर टाकला. मग हळूच म्हनले, "त्येचं त्येला जायाचं असंल तर मी कसा अडवू? तालमीचं नाव हाय." आन् आत गेले. लंगडत गेले, बगा. मी रोज बगत हुते त्यास्नी, पर त्या दिवशी मला त्यो पाय दिसला.

घरी आले आन् जोत्याचा लंगोट चुलीमागच्या लाकडात कोंबला. तर दुसऱ्याचा घालून गेला!

आता फुडचं मी बगितल्यालं न्हाई, मालक संगट हुते त्येनी सांगिटल्यालं. आन् मालक सांगाय लागले की निम्मं वजा करायचं असतंय, पर ह्या बाबतीत मानूस खरं बोलला, कारन सांगताना त्येंचा हात सारका सोताच्याच खांद्यावर जात हुता. कुस्ती लागली. हलगी तापल्याली, मानसं झाडावर बसल्याली. सलामी झाली. जोत्या डावी बाजू फुडं करून खेळाय लागला, उजवा हात अंगाला चिकटवून. मालक कट्ट्यावरचं पैलवान खरं, पर त्येंच्याबी ध्यानात आलं. मग आकारामाच्या न्हाई येनार? त्येनं दोनदा उजव्या बाजूला यायचं टाळलं म्हनं. तिसऱ्या झोंबीत जोत्याचा उजवा हातच त्येच्या हातात सापडला, त्येनं वडला, आन्... काकडी मोडावी तसा आवाज. मालक म्हनत्यात, मला लांबवर ऐकू आला.

जोत्या पडला न्हाई वो! हात लोंबतोय, डोळ्यात पानी, आन् हे बेनं डाव्या हातानं फुडं सरकतंय! नुस्तं बोट लावलं असतं तर आस्मान दिसलं असतं त्येला. सगळं गाव उटून हुबं, "मार! मार! आकाराम, लाव पाठ!" आन् आकारामानं काय करावं? फुडं झाला, जोत्याला कवळा घातला, त्यो लोंबता हात आपल्या दोनी हातात धरून त्येच्या पोटाशी लावला, आन् वरडला, "पंच! थांबवा! खांदा गेलाय ह्येचा!"

मग काय वो... हलगीच थांबली. आन् मग कुनीतरी वरडलं, "नुरा! नुरा!" नुरा म्हंजे आतनं ठरवून केल्याली कुस्ती, लटकी. पैलवानाला ह्या परास मोठी शिवी न्हाई. सगळं मैदान पेटलं. ढेकळं आली, चपल्या आल्या. आकारामाच्या सख्ख्या चुलत्यानं फेटा सावरला आन् पाठ फिरवून चालाय लागला. आन् ह्यो गडी जोत्याच्या अंगावर वाकून हुबा, ढेकळं सोताच्या पाठीवर झेलत. मालक सांगत हुते आन् मी बगत हुते त्येंच्या तोंडाकडं. त्येनी एकदा बी "पैलवानाला काय धाड भरलीया" म्हटलं न्हाई.

यष्टीनं आनला. संध्याकाळी दार वाजलं, उगडते तर मदी जोत्या, एका अंगाला मालक, आन् दुसऱ्या अंगाला ह्यो अनोळखी डोंगर, मातीनं माखल्याला, वरनं नुस्तं धोतर गुंडाळल्यालं, जोत्याचा हात अजून तसाच धरून. मी इचारलं, "ह्यो कोन?" मालक म्हनले, "ह्योच आकाराम." झालं! माझं तोंड सुटलं! "मुडद्या, माझ्या भावाचा हात मोडलास आन् वर त्योच हातात घिऊन दारात आलास व्हय रं? तुझ्या घरात आयाभैनी न्हाईत?" त्येची मान खाली. मालक म्हनायला लागले, "अगं, अगं..." तर मी त्यास्नी बी झोडपलं. शेवटाला त्योच म्हनला, "आक्का, शिव्या मागनं द्या. ह्येला दवाखान्यात न्या आदी. मी हात सोडला तर त्येला लई दुकतंय, म्हनून हितवर आलो."

आक्का म्हनला मला. मी पायात चपला घालायची इसरले वो.

डाक्टरनं भूल दिऊन खांदा बसवला. जागा झाल्यावर जोत्यानं पयला प्रश्न काय इचारावा? "सायेब, पावसुळ्यापातूर मैदान धरंन का मी?" डाक्टर खुर्ची वडून त्येच्याजवळ बसला. वरडला न्हाई. म्हनला, "जोतीराम, पहिल्यांदा निखळला तेव्हा विश्रांती दिली असती तर कदाचित जमलं असतं. आता ती खोबण सैल झाली. पुन्हा कुस्ती खेळलास तर पुन्हा निखळेल, मग झोपेत कूस बदलतानासुद्धा निखळेल. रोजचं काम करशील, संसार करशील. कुस्ती नाही."

जोत्यानं डावा हात उजव्या खांद्याच्या पट्टीवरनं फिरवला. मग म्हनला, "नुस्ता शड्डू ठोकला तर चालंल?"

मी उगंच त्येची चादर नीट करत बसले, नीटच हुती ती.

त्येच्या मागनं जोत्या घरात असा, की घरात न्हाईच. तालमीवरनं जायाचा रस्ता सोडला, पानी आनायचं झालं तरी येढा घालून जायाचा. वस्ताद एकदा आले. भित धरून बसले, च्या घेतला, कप खाली ठेवला, आन् तसंच उटून गेले. आन् आकाराम? त्यो दर बाजारादिवशी यायचा. जोत्या त्येच्याकडं बगायचा न्हाई. दोगं बसायची, एक हिकडं, एक तिकडं, मदी मी निसनं निवडत.

एकदा जोत्या भडकला. "तू येतोस कशाला रं? पाठ लावली असतीस तर हरलो असतो, बास. मर्दावानी हरलो असतो. तू मला सोडलास, आन् आता समदं गाव मला नुरा म्हनतंय!" आकाराम म्हनला, "मला बी म्हनतंय की. चुलता बोलत न्हाई. आमच्याकडं एक बी गडी माझ्यासंगट सरावाची जोड करत न्हाई." "मग सोडलास कशाला?" तर त्यो म्हनला, "तुझा हात माझ्या हातात आला, त्यो नुस्ता पिशवीवानी. त्या हातानं तू जलमभर भाकरी खानार. त्यो मोडून मी काय खानार हुतो?"

जोत्यानं, आकारामानं फुडं केल्याला गूळ तेवढा घेतला. एवढंच.

मग डाक्टरनं सांगिटल्याली मेहनत सुरू झाली. मेहनत म्हंजे काय, तर भितीफुडं हुबं ऱ्हायाचं आन् बोटं मुंगीवानी एक एक वर चढवायची, दुकलं की थांबायचं. ज्यो गडी शंभरानं जोर मारायचा त्यो भितीवर बोटं चालवतोय आन् घामानं भिजतोय... बगवत नव्हतं वो. आन् त्यो आकाराम बाजूला हुबा ऱ्हाऊन, बोटं जितवर पोचली तितं कोळशानं रेघ मारायचा! "वर गेलं! आज वर गेलं!" माझी सारवल्याली भित, तिचं पार वाटोळं करून टाकलं दोगांनी. मी वरडले, पर पुसली न्हाई. कशी पुसू? त्येवढाच तर त्यो जितत हुता.

आन् मग एका सकाळी वस्ताद परत आले. दारातच हुबे ऱ्हायले, जशी मी हुबी ऱ्हायलते त्येंच्या उंबऱ्यावर. म्हनले, "जोत्या, मला आता वाकाय येत न्हाई. हौद्याची माती कशी उकरल्याती ते बगायला मानूस पायजे. कोन गार अंगानं उतरतोय, कोन ताप लपवतोय, कोन दुकत असून हसतोय... हे तुला जेवडं कळंल तेवडं मला कळलं न्हाई." बास. एवढंच म्हनले. आन् माझ्याकडं बगून, "व्हय न्हवं, पोरी?" मी म्हटलं, "आत या, आण्णा, च्या घ्या." दुसरं काय बोलनार? म्हाताऱ्या मानसानं मान खाली घातल्यावर आपुन काय वर करायची व्हय?

जोत्या गेला. पयल्या दिवशी हौद्याकडं पाठ करून हुबा ऱ्हायला म्हनं. आता? आता फावडं मारून माती पायानं चाचपल्याबिगर एकाला उतरू देत न्हाई. जोर-बैठका हुन घाम फुटल्याबिगर जोड न्हाई. हलक्याला जड गड्याफुडं टाकायचं न्हाई. नवं पोरगं आलं की पयलं आठ दिस डाव न्हाईच, नुस्तं पडाय शिकिवतोय, हात न टेकता. आन् कुनी म्हटलं, "काय न्हाई वो, पैलवानाला काय धाड..." तर त्येचं वाक्य पुरं हुयाच्या आत त्येला घरी लावून देतोय. आन् आकाराम? त्येच्या गावात त्येला कोन जोड दिना, म्हनून वस्तादांनी हितंच घेतला. तालमीत जागा नव्हती झोपायला. मग सांगा बरं, कुनाच्या घरात आला असंल?

तसा गुनाचा हाय गडी. मला काय दोन भाऊ जड न्हाईत.

परवा आमच्या मालकांनी शाळूचं पोतं आनलं, टाकलं दारात आन् गेलं कट्ट्यावर. आभाळ आल्यालं. मी आत हाक मारली, "अरं, दोन दोन पैलवान हाईसा घरात, तेवडं पोतं आत घ्या." जोत्या म्हनला, "आक्का, मला जड उचलायचं न्हाई, डाक्टरनं सांगिटलंय." ते खरंच हाय, मी आकारामाकडं बगितलं. त्यो गरीब उटाय लागला, तर जोत्यानंच त्येचा दंड धरून खाली बसवला. "बस खाली! आक्का, कालच्या जोडीत पाठीत उसन भरलीया त्येच्या. आंग मोकळं झाल्याबिगर त्येला कायबी उचलू द्यायाचं न्हाई."

बरोबरच हाय की वो त्येचं! मी कुटं न्हाई म्हंते? सांगून सांगून माझा घसा बसला, तवा कुटं एवडी अक्कल आलीया ह्या घरात. आता मोडता मीच कसा घालू?

मग काय... खवला पदर, आन् वडलं पोतं मीच आत.